तिथीची पाऊणपट

माझ्या सासऱ्यांना मुंबईत येऊन साठ वर्षं होत आली, पण भरती-ओहोटी ते अजूनही मालवणच्या किनाऱ्यावर बसल्यासारखीच मोजतात. रीत सोपी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला भरतीची वेळ कशाला हवी, असं मी लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांना विचारलं होतं. माझं माहेर पार्ल्याचं. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाचं. सासरे म्हणाले, "पाणी खय आसा, ता म्हायत नको?"  पुढची पंचवीस वर्षं रोज सकाळच्या चहाबरोबर मला भरतीची वेळ ऐकावी लागली. आधी कटकट वाटायची, मग सवय झाली.

ज्या कापड गिरणीत ते होते ती बंद पडली तेव्हा ते दुसरीकडे कामाला लागले, तिथूनही यथावकाश निवृत्त झाले. भरती मात्र चुकली नाही.

परवाच्या दिवाळीच्या आधी ते नारळ आणायला म्हणून खाली उतरले आणि अडीच तास परत आले नाहीत. आमच्या गल्लीतल्या निम्म्या इमारती तेव्हा पाडून झाल्या होत्या. वाण्याचं दुकान हललं, पिठाची गिरणी गेली, कोपऱ्यावरचं बदामाचं झाड गेलं. जिथे तिथे निळे पत्रे ठोकलेले, कुठलीही गल्ली कुठल्याही गल्लीसारखी. नवरा ऑफिसातून धावत आला, स्कूटर घेऊन भिरभिरला आणि शेवटी वडील त्याला हायवेवरच्या बसस्टॉपवर सापडले. मांडीवर नारळ घेऊन बसले होते. "जरा बसलंय," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्याने स्कूटरची किल्ली टेबलावर आपटली. त्याला रागही आला होता आणि तो घाबरलाही होता. आमच्या घरातले पुरुष घाबरले की हुकूम सोडतात. त्याने जाहीर केलं, "आजपासून बाबांनी एकट्याने खाली उतरायचं नाही. बस्स."

सासऱ्यांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं, आता मालवणीत आतषबाजी होणार. पण नाही. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भरती सांगणं बंद केलं. चहा घ्यायचे, कप विसळून ठेवायचे, पुन्हा गॅलरीत. पंचवीस वर्षं ज्या गोष्टीला मी कंटाळले होते तीच बंद झाल्यावर मला सकाळी चैन पडेना. एकदा मीच विचारलं, "बाबा, आज भरती कधी?" तर म्हणाले, "कोणाक व्हयी हा?"

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला राग येतो, तो माझा स्वभाव आहे.

तर त्या फेब्रुवारीत आमच्या बिल्डिंगच्या सकाळच्या चालणाऱ्या मंडळींनी ठरवलं की खाडीवर होडीतून फ्लेमिंगो बघायला जायचं. वास्तविक हे अभयारण्य आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. देशभरातून लोक कॅमेऱ्यांच्या तोफा घेऊन येतात आणि आम्ही मुलुंडकर मात्र माथेरानला माकडं बघायला जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. होडी भरतीच्या हिशेबाने सुटते, हे कुणीतरी सांगितल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिथल्या तिथे म्हणाले, "वेळ आमचे बाबा ठरवतील."

रात्री जेवताना मी नवऱ्यापुढे विषय काढला. "सगळी सहल बाबा ठरवू देत. वेळ, होडी, सगळं. नीट पार पडली तर त्यांना एकट्याने बाहेर जाऊ द्यायचं. कबूल?"

"अगं, त्याचा याच्याशी काय संबंध?"

"संबंध असा की तू त्यांना कुक्कुलं बाळ करून ठेवलंयस."

त्याने वडिलांकडे बघितलं. ते भातात कढी कालवत होते, पण कालवण्याचा वेग कमी झाला होता. "बरं," नवरा म्हणाला. "पण काही गडबड झाली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. आणि मी पण येणार."

सासरे जेवण टाकून उठले, हात धुतले आणि चष्मा लावून कॅलेंडरासमोर जाऊन उभे राहिले. "आयतवारी द्वादशी," ते म्हणाले. "भरती नवाक. दोन तास आधी निघाक व्हया, म्हणजे पाणी चढता आसताना पक्षी गावतले. साताक होडी सुटतली." तीन महिन्यांनी त्यांचा तो आवाज ऐकला आणि मी मुद्दाम भांडी जोरात आपटत घासायला घेतली, नाहीतर रडले असते.

होडीवाल्याला फोनही त्यांनीच केला. मी शेजारीच होते. होडीवाला कोळी, पिढ्यान् पिढ्या याच खाडीत मासेमारी केलेल्या घरातला. पलीकडून तो आठ म्हणत होता, इकडून हे सात. "अरे, माका भरती शिकवतंस?" असं दोनदा झालं. शेवटी तो म्हणाला, "बरं बाबा, या साताला." गिऱ्हाइकाशी किती भांडायचं याचा प्रत्येक धंद्यात एक हिशेब असतो.

रविवारी सातला आम्ही अकरा जण धक्क्यावर हजर. पंपिंग स्टेशनच्या मागचा रस्ता, दोन्ही बाजूंना खारफुटी, झाडांत बगळे वाळत घातल्यासारखे बसलेले. आणि वास. पहिल्या मजल्यावरची माझी मैत्रीण, जिचं नाक मुळात फार वरच्या दर्जाचं आहे, तिने पदर नाकाला लावला. "ई, कसला गं घाण वास हा!"

"तुमच्याच घरचा हाय, वैनी," होडीवाला दोर सोडवत शांतपणे म्हणाला. मुलुंड-भांडुपचं सांडपाणी इथेच येतं, स्वच्छ करून खाडीत सोडतात, त्यावर शेवाळ माजतं आणि ते खायला हे गुलाबी पाहुणे कच्छपासून उडत येतात, असं त्याने सांगितलं. मैत्रिणीने पदर खाली घेतला. आपला हातभार लागलाय म्हटल्यावर वासाचं तितकंसं वाटत नाही.

सगळ्यांनी नारिंगी जाकिटं चढवली. सासऱ्यांचं जाकीट दोन माणसांना पुरेल एवढं होतं. ते होडीच्या टोकाला जाऊन बसले, पाठ ताठ, तोंड पाण्याकडे. होडीवाल्याने एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"बाबा, पानी नाय अजून. तासभर थांबूया."

"द्वादशी आसा," सासरे म्हणाले.

"द्वादशी हाय. पण चिखलात बसली तर मला बोलायचं नाय."

आणि बसली. सुटल्यापासून वीस मिनिटांतच बसली. खाडीच्या मधल्या धारेतून जरा कडेला वळलो, खालून खर्र असा आवाज आला, होडी एक पाऊल सरकली आणि थांबली. होडीवाल्याने बांबू टोचून बघितला, मग बांबू बाजूला ठेवला, खिशातून पुडी काढली आणि निवांत बसला. आता पाणी चढेपर्यंत काही करायचं नाही, असा त्याचा अर्थ होता.

"म्हणजे किती वेळ?" नवऱ्याने विचारलं.

"तास. सव्वा तास."

अकरा माणसं, चारी बाजूंना चिखल, ऊन चढणार आणि होडीत संडास नाही. शेवटची गोष्ट बोलून दाखवायची नसते, पण ती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लगेच दिसते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हातातली पाण्याची बाटली दोन घोट पिऊन झाकण लावून ठेवून दिली. मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "वाट लागली यार. मी निघताना दोन कप चहा प्यायलेय." मी तीन प्यायले होते.  नवरा फक्त माझ्याकडे बघत होता, आणि त्या बघण्याचा अर्थ मला पंचवीस वर्षांच्या सरावाने चांगला कळत होता: म्हणून म्हणत होतो.

सासऱ्यांची पाठ मात्र अजून ताठ होती. फक्त ती आता काहीतरी धरून ठेवल्यासारखी ताठ होती. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं.  हे सगळं घडवून आणणारी मीच. चांगले गॅलरीत बसले होते, मी त्यांना अकरा माणसांसमोर चिखलात आणून बसवलं.

मग मैत्रिणीनेच पहिल्यांदा बघितलं. "अय्या, ते बघा."

आम्ही सुटलो तेव्हा फ्लेमिंगो लांब, चिखलाच्या पार पलीकडच्या कडेला होते. कुणी रांगोळीची मूठ सांडल्यासारखी एक फिकट रेघ दिसत होती, तेवढंच. पण आता पाणी हळूहळू चढत होतं, चिखलाच्या पट्ट्या एकेक करून बुडत होत्या, आणि खोल पाण्यात चोच पोचत नाही म्हणून ते सगळे उथळ जागा शोधत सरकत होते. आणि उथळ जागा म्हणजे आमची. जिथे होडी बसते तिथेच फ्लेमिंगोचं जेवण मांडलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आधी शंभर हातांवर होते, मग पन्नास, मग इतके जवळ की पायांची गाठीगाठींची काडी दिसावी. मान उलटी करून चोच चिखलात घालायची आणि पायांनी जागच्या जागी नाच करत गाळ उकरायचा. शेकडो पक्षी असा नाच करत होते आणि सगळे मिळून एक सारखा कलकल आवाज काढत होते. लग्नाच्या पंगतीत वाढपी भात घेऊन येण्याआधी असतो ना, तसा. त्यांच्या पायांतून छोटे शेकाटे पक्षी लगबगीने फिरत होते. काही फ्लेमिंगो चक्क राखाडी, मळकट. ती पिल्लं, होडीवाला म्हणाला, खाऊन खाऊन रंग चढतो. "आमची सून अशीच आली होती," सेक्रेटरी म्हणाले, आणि आजूबाजूला बायका आहेत हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

मग मधेच काय झालं कोण जाणे, एक थवा उठला. पंख उघडले तेव्हा आतला लाल आणि काळा रंग बाहेर आला आणि थवा आमच्या डोक्यावरून, अगदी डोक्यावरून, पंखांचा वारा लागावा इतका खालून गेला. कुणी फोटो काढला नाही. सगळे तोंड उघडं टाकून वर बघत होते. मला तर लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्याही.

आमचं असं चाललेलं असताना सासरे पक्षी बघत नव्हते. ते होडीच्या कडेला ओणवून पाण्याची रेघ बघत होते. मग ते उठले, तोल सांभाळत मागे आले आणि होडीवाल्यासमोर बसले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "चूक माझी आसा. तू आठ सांगलंस ता बरोबर."

होडीवाला संकोचला. "असू द्या, बाबा."

"असू द्या नाय. माका सांग. हय उशीर किती?"

"दर्यावर नऊला भरली तर हितं वर यायला पाऊन तास जातो. आनि गाळ भरलाय किती. माझ्या बापाच्या टायमाला ह्या जागेवरनं मालाचा मोठा पडाव जायचा."

"पाऊण तास सगळ्या तिथीक?"

"नाय. पुनवेला कमी, अष्टमीला जास्ती. तसं काय लिवलेलं नाय. आम्ही बघतो आनि निघतो."

सासऱ्यांनी नवऱ्याकडे हात पुढे केला. "पेन दी." नवऱ्याने खिशातलं पेन दिलं. कागद नव्हता, तर त्यांनी औषधाच्या पट्टीच्या मागे काहीतरी लिहिलं. पुढचा अर्धा तास दोघांचं बोलणं चाललं होतं: कुठली खूण बुडली की पाणी किती, वारा पडला तर काय होतं, वगैरे. एक मालवणीत विचारत होता, दुसरा कोळ्यांच्या बोलीत सांगत होता आणि दोघांनाही अडचण नव्हती. माझ्या नवऱ्याने आपल्या वडिलांना कुणाला काही विचारताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असावं. फ्लेमिंगो त्याच्या पाठीमागे नाचत होते आणि तो वडिलांकडे बघत बसला होता.

सव्वाआठनंतर होडी आपली आपण हलली, तरंगली, आणि आम्ही परतलो. धक्क्यावर उतरल्यावर आम्ही बायका ज्या वेगाने गेटकडे गेलो त्याचं वर्णन नको. तिथल्या चौकीदाराने न विचारताच दिशा दाखवली. परतीच्या रिक्षात मैत्रीण म्हणाली, "झकास झालं. बरं झालं गं रुतलो ते, नाहीतर असं जवळून दिसलं असतं का?" बिल्डिंगच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत सासऱ्यांना अंगठे आणि हात जोडलेली चित्रं येत होती.

पण नवरा पक्का. चहा झाल्यावर त्याने विषय काढलाच. "मजा आली, मान्य. पण ठरलं काय होतं? गडबड झाली तर नाही. झाली ना?"

माझं डोकं सटकलं. "गडबड? सगळी बिल्डिंग खूश आहे आणि तुला गडबड दिसते?"

"अगं, खूश आहेत ते नशिबाने. ओहोटीला रुतलो असतो तर दुपारपर्यंत बसलो असतो. उद्या रस्त्यात असंच झालं तर?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासरे म्हणाले, "तू गप रव गो. तेचा बरोबर आसा."

आम्ही दोघंही त्यांच्याकडे वळलो.

"त्या दिसा नारळ घेतल्यावर रस्तो चुकलंय," ते म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ते त्या दिवसाबद्दल बोलत होते. "समोर माणसां होती. रिक्षावाले होते. शाळेतली पोरां होती. कोणाकव विचारूक नाय. चाळीस वर्सां हय रवतंय, माझ्याच घराचो रस्तो लोकांक काय म्हणान विचारू? म्हणान चलत रवलंय. पाय दुखाक लागले तेव्हा बसलंय."

ते अडीच तास माझ्या डोळ्यांपुढे आले. आम्हाला वाटत होतं की म्हाताऱ्याचं डोकं गोंधळलं. डोकं शाबूत होतं. फक्त आपल्याच गल्लीत परका झाल्याचं कुणाला दाखवायचं नव्हतं.

"आज होडयेत सगळ्यांसमोर विचारलंय," ते पुढे म्हणाले. "काय झाला नाय. आता म्हयनोभर थय जाऊन पाणी बघतलंय. खाडयेचो उशीर खय लिवलेलो नाय, तो लिवतलंय. तुका वाटता, तर सोबत चल."

 नवऱ्याला ऑफिस होतं, हे तिघांनाही माहीत होतं. मग तो उठला, आतून आपली जुनी टोपी घेऊन आला आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवली. "ऊन असतं तिथे," तो म्हणाला. "आणि फोन चालू ठेवायचा."

पहिल्या दिवशी ते एकटे गेले तेव्हा मी माझ्या ऑफिसातून सुट्टी काढली होती, पण ते नवऱ्याला सांगितलं नाही. बाबांचा काही फोन आला का, असं विचारायला तो दर वीस मिनिटांनी माझ्या मोबाईलवर फोन करत होता, कारण वडिलांना केला असता तर त्याची काळजी त्यांना कळली असती. बाराला येतो म्हणाले होते. बारा वाजले, सव्वाबारा वाजले. मी गॅलरीत त्यांच्याच खुर्चीत बसले होते. साडेबाराला लिफ्टचं दार वाजलं आणि ते आत आले, पाय चिखलाने माखलेले, टोपी हातात, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"बाबा, उशीर झाला?" मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

"रस्तो चुकलंय," ते म्हणाले. "दोनदा. दोनव वेळा विचारलंय." आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.